ओळखचोरी

ओळखचोरी : एखाद्या व्यक्तीची ओळख पटविणारी माहिती वा साधने तिच्या संमतीवाचून हस्तगत करून व आपण तीच व्यक्ती आहोत असे भासवून पैसा, कर्ज, सेवा किंवा अन्य लाभ मिळविण्याच्या कृत्यास ओळखचोरी म्हणतात. नाव, जन्मतारीख, स्वाक्षरी, भ्रमणध्वनी क्रमांक, आधार व पॅन क्रमांक, बँक खाते व कार्ड यांचे तपशील, संकेतशब्द, बोटांचे ठसे इ. गोष्टींचा या माहितीत अंतर्भाव होतो. ऑनलाइन फसवणूक ही संज्ञा याहून व्यापक असून तिचे स्थूलमानाने दोन प्रकार पडतात. पहिल्या प्रकारात चोर खातेदाराच्या नकळत त्याच्या नावाने व्यवहार करतो. दुसऱ्यात तो खातेदारालाच भुलवून किंवा भेडसावून त्याच्याच हातून पैसे पाठविण्यास भाग पाडतो. हा भेद वरवर तांत्रिक वाटला, तरी गेलेल्या पैशाची जबाबदारी कोणावर, हा प्रश्न पुष्कळदा त्यावरच अवलंबून असतो.

पूर्वेतिहास : दुसऱ्याच्या नावाने वावरण्याचा प्रकार नवा नाही. पानिपतच्या तिसऱ्या युद्धात (१७६१) सदाशिवरावभाऊ पडल्यानंतर त्यांच्या नावाने पुढे आलेल्या तोतयाने पेशवाईत मोठी खळबळ माजविली. १७७६ मध्ये त्याला देहदंड देण्यात आला. न. चिं. केळकर यांचे तोतयाचे बंड (१९१३) हे नाटक याच प्रकरणावर आधारलेले आहे. त्या काळी ओळख पटविण्याचे साधन म्हणजे चेहरा, आवाज व पूर्वपरिचितांची साक्ष. तोतयास ओळखणाऱ्यांसमोर उभे राहावेच लागे आणि त्यात त्याचा धोका असे. संगणकीय व्यवहारात मात्र व्यक्तीऐवजी काही आकडे व अक्षरे ओळखली जातात. ती सादर करणारा कोण, कोठे आहे, हे यंत्राला दिसत नाही. तोतयेगिरीचा जुना धोका अशा रीतीने नाहीसा झाल्यामुळे तिचा प्रसार झपाट्याने झाला.

पत्राद्वारे केल्या जाणाऱ्या फसवणुकीचीही परंपरा जुनी आहे. स्पेनच्या तुरुंगात अडकलेल्या एका धनिकाच्या सुटकेसाठी थोडी रक्कम आगाऊ पाठविल्यास मोठा मोबदला मिळेल, अशा आशयाची पत्रे एकोणिसाव्या शतकात यूरोप-अमेरिकेत धाडली जात. हीच युक्ती पुढे नायजेरियातून येणाऱ्या ई-पत्रांत अवतरली. त्या देशाच्या फौजदारी संहितेतील फसवणुकीच्या कलमावरून ती ‘४१९’ या नावाने ओळखली जाऊ लागली. १९९० नंतरच्या दशकात ‘अमेरिका ऑनलाइन’ या सेवेच्या ग्राहकांना बनावट संदेश पाठवून त्यांचे संकेतशब्द काढून घेण्याचा प्रकार सुरू झाला व त्यास ‘फिशिंग’ हे नाव मिळाले. आमिष लावून मासा पकडण्याच्या क्रियेशी असलेले साम्य त्यात सूचित होते. ओळखचोरी हा स्वतंत्र गुन्हा ठरविणारा संघीय कायदा अमेरिकेने १९९८ मध्ये केला.

भारतात २००५ हे वर्ष या संदर्भात उल्लेखनीय ठरले. त्या वर्षी नॅसकॉम या संघटनेच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने फिशिंग हे बेकायदेशीर कृत्य असल्याचे मान्य केले. त्याच वर्षी पुण्यातील एका कॉल सेंटरमधील काही कर्मचाऱ्यांनी अमेरिकेतील बँकग्राहकांकडून त्यांचे गुप्त क्रमांक काढून घेऊन सु. साडेतीन लाख डॉलर अन्य खात्यांत वळविल्याचे उघडकीस आले. त्यासाठी कोणतीही यंत्रणा फोडावी लागली नव्हती. ग्राहकांचा विश्वास संपादन करणे पुरेसे ठरले होते. पुढील काळातील बहुतेक गुन्ह्यांचे सूत्र या प्रकरणात दिसते.

भारतातील व्याप्ती : २०१० नंतर भारतीयांच्या ओळखीचे व पैशाचे स्वरूप मूलतः पालटले. पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी देण्यात आला. भ्रमणध्वनीवरून तत्काळ रक्कम पाठविणारी यूपीआय प्रणाली राष्ट्रीय देयक निगमाने २०१६ मध्ये सुरू केली आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरातील नोटाबंदीनंतर रोकडविरहित व्यवहारांना वेग आला. भाजीविक्रेत्यापासून निवृत्तिवेतनधारकापर्यंत सर्वांचे व्यवहार भ्रमणध्वनीवर आले. रक्कम काही सेकंदांत पोहोचते, हा या प्रणालीचा मोठा गुण होय. परंतु गेलेली रक्कमही तितक्याच वेगाने हाताबाहेर जाते. केंद्र शासनाने संसदेत दिलेल्या आकडेवारीनुसार सायबर फसवणुकीत नागरिकांनी गमावलेली रक्कम २०२३ मध्ये सु. ७,४६५ कोटी रु., तर २०२४ मध्ये सु. २२,८४५ कोटी रु. होती. २०२४ मध्ये अशा आर्थिक फसवणुकीच्या सु. ३६ लाख घटना नोंदविल्या गेल्या.

ओळख पटविण्याची तत्त्वे : व्यक्तीची ओळख तीन प्रकारांनी पटविली जाते : (१) तिला ठाऊक असलेली गोष्ट, उदा., संकेतशब्द वा पिन. (२) तिच्याजवळ असलेली वस्तू, उदा., कार्ड वा सिमकार्ड असलेला भ्रमणध्वनी. (३) तिच्या देहाचे वैशिष्ट्य, उदा., बोटाचा ठसा वा चेहरा. यांपैकी कोणतेही एक साधन चोरले जाऊ शकते. म्हणून दोन भिन्न प्रकारांची साधने एकत्र मागणे अधिक सुरक्षित ठरते. कार्डाने करावयाच्या ऑनलाइन व्यवहारांसाठी अशी दुहेरी पडताळणी रिझर्व्ह बँकेने २००९ पासून आवश्यक केली. एकदाच वापरावयाचा सांकेतिक अंक (ओटीपी) हा तिचा सर्वपरिचित आविष्कार होय.

ओळखक्रमांक आणि गुपित यांतील फरक येथे ध्यानात घेणे आवश्यक आहे. आधार क्रमांक, पॅन, जन्मतारीख, खाते क्रमांक ही व्यक्तीची नावे आहेत, कुलुपाच्या किल्ल्या नव्हेत. ती शाळा, रुग्णालये, हॉटेले, दुकाने अशा अनेक ठिकाणी नोंदलेली असतात व एखाद्या संस्थेचा विदासंग्रह फुटल्यास ती एकाच वेळी लाखो लोकांच्या बाबतीत उघड होतात. अमेरिकेतील इक्विफॅक्स या पतमाहिती कंपनीकडून २०१७ मध्ये सु. १४·७ कोटी लोकांची माहिती अशीच चोरीस गेली. तेव्हा दूरध्वनीवरील व्यक्ती आपला आधार क्रमांक अचूक सांगते, एवढ्यावरून ती बँकेची वा शासनाची प्रतिनिधी ठरत नाही. पिन, संकेतशब्द व ओटीपी ही खरी गुपिते असून ती कोणत्याही प्रामाणिक अधिकाऱ्यास लागत नाहीत. देहचिन्हांची अडचण निराळी आहे. संकेतशब्द फुटल्यास बदलता येतो, बोटाचा ठसा बदलता येत नाही.

फसवणुकीचे प्रमुख प्रकार : (१) बनावट संदेश व संकेतस्थळे : बँक, वीजमंडळ, टपालखाते किंवा प्राप्तिकर खाते यांच्या नावाने संदेश पाठवून त्यातील दुव्यावर माहिती भरावयास लावली जाते. संकेतस्थळाचे रूप हुबेहूब मूळासारखे असते. फरक असतो तो पत्त्यात. कोणत्याही पत्त्यातील पहिल्या एकेरी तिरप्या रेषेच्या लगत डावीकडे असलेला भाग हा खऱ्या मालकाचा निदर्शक असतो. त्याच्या आधी बँकेचे नाव कितीही वेळा आले, तरी त्यास अर्थ नसतो. रिझर्व्ह बँकेने भारतीय बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या केवळ बँकांसाठी राखीव पत्त्यावर स्थलांतर करावयास सांगितले, ते याच कारणासाठी.

(२) घातक उपयोजने : लग्नपत्रिका, वाहतूक दंडाची पावती, थकलेले वीजबिल अशा नावांनी एखादी फाइल पाठविली जाते. ती प्रत्यक्षात भ्रमणध्वनीवर बसणारे अ‍ॅप असते व त्यायोगे ओटीपीचे संदेश परस्पर चोरास मिळतात. तक्रारनिवारणाच्या बहाण्याने पडदा दाखविणारे अ‍ॅप बसवावयास सांगणे, हाही याच जातीचा प्रकार होय.

(३) यूपीआयमधील गैरसमजाचा फायदा : जुन्या वस्तूचा ग्राहक म्हणून बोलणारी व्यक्ती ‘पैसे मिळण्यासाठी’ क्यूआर संकेत टिपून पिन टाकावयास सांगते. वस्तुतः पिन हा केवळ पैसे देण्यासाठी अथवा शिल्लक पाहण्यासाठी लागतो. घेण्यासाठी तो कधीच लागत नाही. व्यक्तिव्यक्तींमधील पैसेमागणीच्या विनंतीची सोय गैरवापरामुळे ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्यात आली.

(४) सिमकार्डाची अदलाबदल : बनावट कागदपत्रांच्या आधारे चोर दुसऱ्याच्या क्रमांकाचे नवे सिमकार्ड मिळवितो. मूळ भ्रमणध्वनी अकस्मात निकामी होतो व सर्व ओटीपी चोराकडे जाऊ लागतात. याला आळा घालण्यासाठी सिमकार्ड बदलल्यावर सात दिवस तो क्रमांक दुसऱ्या कंपनीकडे नेता येणार नाही, असा नियम १ जुलै २०२४ पासून लागू झाला.

(५) ठशांची नक्कल : आधारवर आधारित देयक प्रणालीत आधार क्रमांक, बँकेचे नाव व बोटाचा ठसा एवढ्यावर गावातील प्रतिनिधीकडून पैसे काढता येतात. बँकेची शाखा दूर असलेल्या ग्रामीण भागास ही सोय उपकारक ठरली आहे. परंतु कागदपत्रांवरील ठशांवरून कृत्रिम ठसे बनवून खाती रिकामी केल्याची प्रकरणेही काही राज्यांत उघडकीस आली आहेत. अशा व्यवहारात ओटीपी येत नसल्याने खातेदारास कित्येकदा उशिरा पत्ता लागतो.

(६) गुंतवणूक व नोकरीचे आमिष : समभागांत दुप्पट नफा किंवा घरबसल्या काम देण्याच्या नावाखाली प्रथम लहान रकमा प्रत्यक्ष परत केल्या जातात. विश्वास बसल्यावर मोठ्या रकमा घेतल्या जातात. पडद्यावर दिसणारा नफा केवळ आकड्यांचा खेळ असतो व तो काढू गेल्यास कर वा शुल्क म्हणून आणखी पैसे मागितले जातात.

(७) ‘डिजिटल अटक’ : पोलीस, सीमाशुल्क किंवा केंद्रीय अन्वेषण विभाग यांचे अधिकारी असल्याचे भासवून चोर दृक्‌दूरध्वनीवर व्यक्तीस तासन्‌तास, कधी कित्येक दिवस, कॅमेऱ्यासमोर बसवून ठेवतात. तिच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडल्याचे वा खाते गैरव्यवहारात गुंतल्याचे सांगून ‘पडताळणी’साठी सर्व ठेवी अन्य खात्यांत वळविण्यास लावतात. असा अटकेचा प्रकार भारतीय कायद्यात अस्तित्वातच नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार अटक करणाऱ्याने त्या व्यक्तीस प्रत्यक्ष स्पर्श करणे वा ताब्यात घेणे अथवा त्या व्यक्तीने शब्दाने वा कृतीने स्वाधीन होणे आवश्यक असते. सर्वोच्च न्यायालयाने १ डिसेंबर २०२५ रोजी अशा प्रकरणांचा देशव्यापी तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपविला.

(८) आवाज व चेहऱ्याची नक्कल : कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने थोड्याशा ध्वनिमुद्रणावरून नातेवाइकाच्या आवाजाची नक्कल करून अपघात वा अटकेच्या बतावणीने पैसे मागितले जातात. आवाज ओळखीचा आहे, ही पूर्वी पुरेशी असलेली खूण त्यामुळे आता पुरेशी राहिलेली नाही.

गुन्ह्याची यंत्रणा : या गुन्ह्यांमागे एकट्यादुकट्या भामट्याऐवजी बहुधा श्रमविभागणी केलेल्या टोळ्या असतात. एक गट क्रमांकांच्या याद्या पुरवितो, दुसरा बोलतो, तिसरा पैसा फिरवितो. पैसा फिरविण्यासाठी भाडोत्री खाती लागतात. विद्यार्थी, बेरोजगार वा मजूर यांना थोडा मोबदला देऊन त्यांच्या नावाने ती उघडली जातात. स्वतःचे खाते असे वापरावयास देणारा कायद्याच्या दृष्टीने गुन्ह्यातील सहभागी ठरू शकतो. झारखंडमधील जामताडा हे अशा दूरध्वनी टोळ्यांमुळे कुप्रसिद्ध झाले. अलीकडे म्यानमार व कंबोडिया या देशांतील कुंपणबंद वसाहतींतून मोठ्या प्रमाणावर फसवणूक चालते. नोकरीच्या आमिषाने नेलेल्या तरुणांना तेथे डांबून हे काम करावयास लावले जाते. मार्च २०२५ मध्ये म्यानमार-थायलंड सीमेवरून पाचशेहून अधिक भारतीयांना वायुसेनेच्या विमानांनी परत आणण्यात आले. दूरध्वनीच्या दोन्ही टोकांना बळीच असल्याची उदाहरणे यातून समोर आली.

बळी पडण्याची कारणे : फसलेली व्यक्ती अडाणी वा लोभी असली पाहिजे, हा समज चुकीचा आहे. डॉक्टर, प्राध्यापक, निवृत्त अधिकारी यांचाही फसलेल्यांत समावेश आढळतो. भीती, घाई, अधिकाराचा दरारा आणि एकांत हे चार घटक एकत्र आल्यास विचारशक्ती काही काळ कुंठित होते. ‘कोणालाही सांगू नका’ आणि ‘दूरध्वनी बंद करू नका’ या दोन सूचना फसवणुकीत वारंवार येतात. कारण तिसऱ्या माणसाचा एक प्रश्नही हा डाव उधळू शकतो. याच समजामुळे फसल्यानंतर लाज वाटून कित्येक लोक, विशेषतः वृद्ध, मुलांपासूनही गोष्ट लपवितात व तक्रारीचा मोलाचा वेळ दवडतात.

प्रतिबंधक उपाय : वैयक्तिक पातळीवर पुढील उपाय उपयुक्त ठरतात. पैसा वा गुपित मागणारा दूरध्वनी आल्यास तो बंद करून, कार्डाच्या मागे किंवा खातेपुस्तकावर छापलेल्या क्रमांकावर स्वतः संपर्क साधावा. महाजालावर शोधून मिळालेला ग्राहकसेवा क्रमांक बनावट असू शकतो. ई-पत्र व बँक यांचे संकेतशब्द भिन्न व लांब असावेत. ई-पत्राचे खाते विशेष जपावे. कारण इतर खात्यांचे संकेतशब्द त्याद्वारेच बदलता येतात. अ‍ॅप अधिकृत भांडारातूनच घ्यावे. दैनंदिन देयकांसाठी अल्प शिलकेचे वेगळे खाते ठेवून मुख्य बचत यूपीआयपासून अलग ठेवल्यास नुकसानीस आपोआप मर्यादा पडते. कार्डावरील परदेशी व ऑनलाइन व्यवहारांची सोय गरज नसताना बंद ठेवता येते.

आधारच्या बाबतीत प्राधिकरणाने काही सोयी केल्या आहेत. केवळ शेवटचे चार अंक दाखविणारी आच्छादित प्रत, १२ अंकी क्रमांकाऐवजी वापरावयाचा १६ अंकी आभासी क्रमांक आणि देहचिन्हे कुलूपबंद करण्याची व्यवस्था या त्यांपैकी प्रमुख होत. छायाप्रत देताना तीवर प्रयोजन व दिनांक लिहिण्याची जुनी सवयही उपयुक्त आहे. आपल्या नावावर किती भ्रमणध्वनी जोडण्या आहेत, हे दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर पाहता येते. आपल्या पॅनवर कोणी परस्पर कर्ज काढले आहे काय, हे पतमाहिती अहवालावरून कळते. हा अहवाल प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा विनामूल्य मिळण्याची तरतूद २०१७ पासून झाली आहे. कुटुंबीयांनी आपसांत एखादा परवलीचा शब्द ठरविणे, हा आवाजाच्या नकलेवरील सोपा तोडगा होय.

फसवणुकीनंतरची कार्यवाही : फसवणूक लक्षात येताच १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळविणे ही पहिली पायरी होय. तेथे व्यवहाराचा तपशील नोंदला जाऊन ज्या बँकेत रक्कम गेली, तिला सूचना मिळते व रक्कम तेथे शिल्लक असल्यास रोखून धरली जाते. ती पुढे गेली असल्यास पुढील बँकेस कळविले जाते. रक्कम भाडोत्री खात्यांच्या साखळीतून रोखीत वा आभासी चलनात रूपांतरित होण्यापूर्वीच हे साधावे लागते, म्हणून पहिला तास निर्णायक मानला जातो. त्याचबरोबर स्वतःच्या बँकेस कळवून तक्रार क्रमांक घ्यावा, कार्ड व यूपीआय बंद करावे, संकेतशब्द दुसऱ्या उपकरणावरून बदलावेत आणि संदेश, क्रमांक, पडद्याची छायाचित्रे जपून ठेवावीत. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर (२०१९) किंवा कोणत्याही पोलीस ठाण्यात तक्रार देता येते. हद्दीच्या कारणावरून ती नाकारता येत नाही. गेलेले पैसे सोडवून देतो, असे सांगून पुढे येणारे ‘मध्यस्थ’ ही बहुधा त्याच फसवणुकीची दुसरी फेरी असते.

कायदा व जबाबदारी : माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मध्ये २००८ च्या दुरुस्तीने कलम ६६ क व ६६ ड समाविष्ट झाली. दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी, संकेतशब्द वा अन्य अनन्य ओळखचिन्ह लबाडीने वापरणे, तसेच संगणकसाधनाद्वारे तोतयेगिरीने फसविणे या दोन्ही गुन्ह्यांस तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रु. पर्यंत दंड होऊ शकतो. भारतीय न्याय संहितेची (१ जुलै २०२४ पासून लागू) फसवणुकीची व तोतयेगिरीची कलमे अनुक्रमे ३१८ व ३१९ ही आहेत. याशिवाय, पाच कोटी रु. पर्यंतच्या नुकसानभरपाईचे दावे माहिती तंत्रज्ञान अधिनियमाखालील न्यायनिर्णय अधिकाऱ्यापुढे, म्हणजे राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवापुढे, मांडता येतात. या मार्गाची माहिती फार थोड्या नागरिकांना असते. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला व त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित होऊन त्यांची टप्प्याटप्प्याने अंमलबजावणी ठरली.

ग्राहकाच्या दायित्वाबाबत रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी तत्त्वे घालून दिली. बँकेच्या चुकीने अनधिकृत व्यवहार झाल्यास ग्राहकावर जबाबदारी नाही. बँक व ग्राहक या दोहोंची चूक नसून दोष अन्यत्र असल्यास, तीन कामकाजी दिवसांत कळविणाऱ्या ग्राहकाचे दायित्व शून्य. चार ते सात दिवसांत कळविल्यास ते ठराविक मर्यादेपर्यंत. परंतु ग्राहकाने स्वतः गुपित सांगितले असेल, तर बँकेस कळवीपर्यंतचे नुकसान त्याने सोसावे, कळविल्यानंतरचे बँकेने. अनधिकृत व्यवहारात ग्राहकाचे दायित्व आहे, हे सिद्ध करण्याचा भारही बँकेवरच टाकण्यात आला. [⟶ बँका आणि बँकिंग].

या तत्त्वांच्या कडेला एक कठीण प्रश्न उरतो. धाकदपटशाने ज्याच्याकडून सर्व बचत पाठवून घेतली गेली, त्याने पिन स्वतः टाकलेला असतो. यंत्राच्या दृष्टीने तो व्यवहार अधिकृत ठरतो. नागरिकाने सावध राहावे, हे खरेच; परंतु वीस वर्षांत मोठी रक्कम न हलविलेल्या वृद्धाच्या ठेवी एका दुपारी अनोळखी खात्यांत जात असताना थांबून विचारणा करणे, तसेच भाडोत्री खाती उघडू न देणे, हे खातेदाराच्या नव्हे, तर बँकेच्या आवाक्यातील काम आहे. सावधगिरीचा सारा भार एकट्या व्यक्तीवर न टाकता बँका, दूरसंचार कंपन्या व शासन यांनी तो विभागून घेतल्याशिवाय ओळखचोरीस पुरेसा आळा बसणे अवघड आहे.